डावा डोळा
आज दिल्लीला, तुघलकाबादच्या कर्णीसिंग रेंजवर ट्रॅप खेळले, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या छर्र्यांच्या बंदुकीने फोडायचा नेमबाजीचा खेळ. माझी बंदूक उजव्या खांद्याला, पण हुकमी डोळा, म्हणजे नेम धरताना मेंदू ज्याचं ऐकतो तो, डावा! म्हणून इतके महिने छर्रे तबकडीच्या डावीकडून जायचे. दोन्ही पंजांमधल्या फटीतून लांबचा खांब बघितला आणि डावा डोळा मिटला, तर खांबच गायब. म्हणजे हुकमी तोच.

सरांनी चष्म्याच्या डाव्या काचेवर, बरोबर बुबुळासमोर, नखाएवढी धुरकट चिकटपट्टी लावली, म्हणजे नेम उजवा डोळा धरेल. दोन्ही डोळे उघडेच ठेवायचे. एक मिटला की अंतराचा अंदाज जातो, आणि ११० मिलिमीटरची ती केशरी तबकडी कुणासाठी थांबत नाही.

पहिल्या चार सुटल्या. पाचवीचा अक्षरशः धूर झाला! २५ पैकी १७ फुटल्या. डोळे भरून आले हो. पट्टी चष्म्यावर तशीच ठेवलीय, उद्या परत जायचंय.