आरएसयू मिळालेत? मग रिटर्नमधलं शेड्यूल एफए सोडू नका

जुलै आला की आमच्या ग्रुपवर हमखास विचारतात, कंपनीने आरएसयूचा (म्हणजे नोकरीत पगाराचा भाग म्हणून मिळणाऱ्या कंपनीच्या शेअरचा) टॅक्स पगारातूनच कापलाय, फॉर्म १६ मध्ये पण आलाय, मग परत कशाला दाखवायचं? हिंजवडी-खराडीतल्या निम्म्या लोकांना हेच वाटतं आणि म्हणूनच लिहितोय.

टॅक्स भरला म्हणजे काम संपलं असं नाही. शेअर अमेरिकेतल्या ब्रोकरकडे तुमच्या नावावर पडून आहेत ना, मग ते शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, यायलाच हवेत, एक रुपया नफा नसला तरी, आणि अ‍ॅपवरून अर्धा शेअर घेतला असला तरी. त्यामुळे सहज म्हणजे आयटीआर-१ भरताच येत नाही, २ किंवा ३ घ्यावा लागतो.

सगळ्यात जास्त गोंधळ वर्षाचा होतो. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, पण शेड्यूल एफए चालतं जानेवारी ते डिसेंबर. म्हणजे २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२४ चा हिशोब. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हेस्ट झालेले, म्हणजे प्रत्यक्ष तुमच्या नावावर आलेले शेअर त्या वर्षीच्या फॉर्म १६ मध्ये पगार म्हणून दिसतात पण एफएमध्ये पुढच्या रिटर्नला येतात, आणि मे २०२४ मध्ये घेऊन ऑक्टोबरमध्ये विकून मोकळे झालात तरी ते दाखवायचेच, कारण वर्षात कधीही जवळ असले तरी पुरे. शेअर टेबल ए३ मध्ये जातात, तिथे सुरुवातीची किंमत, वर्षातली सगळ्यात जास्त किंमत, ३१ डिसेंबरची किंमत, डिव्हिडंड आणि विक्रीची रक्कम असे रकाने आहेत, सगळं स्टेट बँकेच्या टीटी बाइंग रेटने (बँक परकीय चलन विकत घेते तो दर) रुपयांत. प्रत्येक व्हेस्टिंगची वेगळी ओळ करा, कंटाळवाणं आहे पण नंतर कोणी विचारलं तर उत्तर तयार असतं.

दंडाचं म्हणाल तर २०१५ च्या काळा पैसा कायद्यात सरळ १० लाख रुपये. १ ऑक्टोबर २०२४ पासून घरजमीन सोडून बाकीची परदेशी मालमत्ता मिळून २० लाखांच्या आत असेल तर हा दंड लागत नाही, पण म्हणून दाखवायचंच नाही असा अर्थ काही लोक काढतात तो चूक आहे, सूट फक्त दंडाला आहे. आणि माहिती सरकारकडे येतेच, फाटका आणि सीआरएस या देशादेशांत खात्यांची माहिती देण्याघेण्याच्या व्यवस्थांमधून. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयकर खात्याने लोकांना मेसेज आणि मेल पाठवले, त्यानंतर सुधारित आणि उशिराच्या रिटर्नमधून २९,२०८ कोटींची परदेशी मालमत्ता जाहीर झाली! यातले सगळे काही काळा पैसावाले नसणार, साधे नोकरदार पण खूप असणार असं मला ठामपणे वाटतं. कंपन्यांनी शेअर देतानाच हे नीट समजावून सांगायला हवं.

डिव्हिडंडवर अमेरिकेत २५ टक्के कापतात. इथे मात्र कापण्याआधीची पूर्ण रक्कम उत्पन्नात धरायची आणि तिथल्या टॅक्सचं क्रेडिट हवं असेल तर फॉर्म ६७ वेगळा भरायचा, तो विसरलात तर क्रेडिट अडकतं.

आणि परदेशातून परत आलेल्यांसाठी: जोपर्यंत तुम्ही आरएनओआर (टॅक्सच्या भाषेत रहिवासी, पण अजून 'सामान्य रहिवासी' नाही) आहात तोपर्यंत शेड्यूल एफए लागत नाही. ते स्टेटस संपलं की तिकडचं जुनं बँक खातं, ४०१के म्हणजे अमेरिकेतलं निवृत्तीचं खातं, सगळंच दाखवावं लागतं, अगदी खात्यात दहा डॉलर उरले असले तरी.