फळ्यावरचे ४२९४९६७२९७

स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे उभे राहिले ते गणिताचे सर. संमेलनं, सहली, मैदान यांवर इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. सरांनी समजावलेल्या एका संख्येवर लिहिणं, हीच मला त्यांची खरी आठवण वाटते.

४२९४९६७२९७, म्हणजे दोनाचा बत्तिसावा घात अधिक एक. ३, ५, १७, २५७, ६५५३७ (दोनाचा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात अधिक एक) या मूळ संख्यांच्या रांगेतली ही पुढचीही मूळच असणार, असं गणिती फर्माला वाटलं होतं. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने तिचा अवयव काढला : ६४१.

सर थेट ६४१ वर येत नसत. आधी कोटी-लाखांचे स्वल्पविराम पुसायचे आणि उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे. मग २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. ७ × ११ × १३ = १००१, म्हणून या एका उत्तरात तिघांचा निकाल लागतो : बाकी अनुक्रमे ५, ५, १०. गट डावीकडून पाडले की सगळंच फसतं.

पण असं किती तपासणार? वर्गमूळ ६५५३६ च्या जरासं पुढे, आणि तिथवर ६५४२ मूळ संख्या! इथे सर नियम सांगत : या संख्येच्या कुठल्याही मूळ अवयवाला १२८ ने भागलं की बाकी १ च उरते. ६४१ पर्यंत अशा मूळ संख्या दोनच, २५७ आणि ६४१. २५७ ने बाकी २ राहते.

आता ६४१ चा भागाकार. ४२९४ ला ६ चा भाग, बाकी ४४८. ९ उतरवला, ४४८९ ला ७ चा, बाकी २. पुढे ६ उतरवला तर २६, भाग शून्य. ७ उतरवला तर २६७, पुन्हा शून्य. ही दोन शून्यं हमखास गळायची. एकदा फळ्यावर ६७४१७ असं उत्तर आलं, नऊचा ताळाही जमला! शून्यांनी अंकांची बेरीज बदलत नाही. आणि शून्यं दोन, म्हणून एकाआड एक अंक मिळवत-वजा करत घेतलेला अकराचा ताळाही फसवतो. सरांनी फक्त त्या उत्तराला सातने भागायला सांगितलं. ९६३१, बाकी काही नाही. मग ४२९४९६७२९७ लाही सातने भाग जायला हवा होता, आणि तिथे तर बाकी ५! ताळा कुठला घ्यावा, हेसुद्धा चूक कशी झाली असेल यावरून ठरतं, हे मी त्या फळ्यापुढे शिकलो.

आज यंत्राची कळ दाबली की ६७००४१७ आयतं येतं, ती दोन शून्यं कुणाला भेटतच नाहीत. याची हळहळ वाटते.

६७००४१७ स्वतः मूळ आहे, तेही हातानेच ठरतं. तिचे अवयव ते ४२९४९६७२९७ चेही अवयव, म्हणून १२८ चा नियम इथेही लागू. तिचं वर्गमूळ २५८९ च्या आत. २५७ आधीच बाद, उरल्या चारच : ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाक्या ४४, १२०, ३३४, ६२२.