पदकाच्या कडेवरचे चिन्ह : माझा अनुभव

खगोलशास्त्रज्ञांच्या सन्मानार्थ पाडलेली पदके मी जमवतो, आणि रीतसर नोंद केल्याशिवाय एकही पदक पेटीत ठेवायचे नाही, असा माझा नेम आहे. ज्यूल जान्सेन आणि नॉर्मन लॉक्यर यांच्या पदकाने मात्र या नेमाचा चांगलाच कस पाहिला. सोबत आलेल्या चिठ्ठीवर ‘हेलियमच्या शोधाचे पदक, १८७२’ एवढेच लिहिलेले होते आणि त्यातल्या दोन्ही गोष्टी मला पडताळून पाहाव्या लागल्या.

एका बाजूला दोघांच्या मुद्रा आहेत. दुसऱ्या बाजूला चार घोड्यांच्या रथातला अपोलो आहे आणि सौरज्वालांच्या, म्हणजे सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या तप्त वायूच्या झोतांच्या, विश्लेषणाचा फ्रेंच उल्लेख आहे. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात गुंटूर येथे जान्सेन यांना ज्वालांच्या वर्णरेषा (प्रकाशाचे रंग वेगळे केल्यावर दिसणाऱ्या रेषा) इतक्या तेजस्वी दिसल्या की, ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील हे त्यांनी ताडले आणि दुसऱ्याच दिवशी पाहूनही दाखवले. लॉक्यर यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे तेच साधले. दोघांची वृत्ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आली, म्हणूनच हा सन्मान दोघांचा आहे. चिठ्ठीतला हेलियम मात्र पृथ्वीवर सापडला तो १८९५ साली, रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी यांच्या प्रयोगशाळेत. पदकावर त्याचा शब्दही नाही. निरीक्षणाची पद्धत शोधणे हे मूलद्रव्य शोधण्याइतकेच मोठे काम आहे, असे मला मनापासून वाटते, आणि पदकाने नेमका त्याचाच गौरव केला आहे.

राहिला प्रश्न सालाचा. जुने साचे जपून ठेवून टाकसाळी त्यांवरून पुढेही पदके पाडत असत, त्यामुळे दर्शनी साल पाहून वय ठरवता येत नाही. ते कडेवर कळते. पॅरिसच्या टाकसाळीचे कडेवरचे चिन्ह १८६० नंतर मधमाशीचे होते आणि १८८० पासून फळाफुलांनी भरलेल्या शिंगाचे झाले. मी दिवा अगदी बाजूला, जवळजवळ आडवा धरला आणि भिंगाखाली पदक हळूहळू फिरवले. धातूवरची काळपट झिलई म्हणजे त्याच्या वयाची खूण असते, ती घासून पुसून टाकायची नसते, म्हणून कापडही लावले नाही. बऱ्याच वेळाने एक बारीक वळण उजळले. मधमाशीचे पंख असावेत असे वाटले, परंतु पदक आणखी थोडे फिरवताच शिंगाचे निमुळते टोक आणि त्यापुढे ‘ब्राँझ’ या शब्दाची फ्रेंच अक्षरे स्पष्ट दिसली.

नोंदवहीत मी लिहिले : साचा १८७२चा, प्रत १८८० किंवा त्यानंतरची, विषय सौरज्वालांचे वर्णपट-निरीक्षण. जुनी चिठ्ठी फेकली नाही, ती पदकाखालीच ठेवली आहे.