‘जे. मँचेस्टर’चा तिढा सुटला, आणि तोही मेलबर्नमुळे

माझ्या सह्यांच्या संग्रहातल्या ज्या जुन्या पत्रापाशी मागच्या खेपेला हात टेकले होते, ते कुणाचं आणि कधीचं हे परवा रात्री लागलं! आठवत असेलच: सही ‘जे. मँचेस्टर’, तारीख ‘बुधवार, १० नोव्हेंबर’, वर्षाचा पत्ता नाही, पाकीट गहाळ.

इंग्लंडच्या चर्चमध्ये बिशप झाला की माणूस सहीत आडनावाऐवजी शहर लावतो, इथवर ठीक. पण मँचेस्टरचा धर्मप्रांत १८४७चा आणि पहिले तिन्ही बिशप जेम्सच: प्रिन्स ली, फ्रेझर, मूरहाउस. थेट १९०३पर्यंत. विक्रेत्याने ‘पहिले बिशप ली’ म्हणून पत्र गळ्यात मारलं होतं. ते लगेच बाद झालं, कारण ली ‘जे. पी.’ लिहीत आणि राहत मॉल्डेथ हॉलला. माझ्या पत्रावर पत्ता आहे बिशप्स कोर्टचा. फ्रेझरांनी मॉल्डेथ हॉल सोडून हायर ब्रॉटनमध्ये घेतलेलं घर ते.

मग फ्रेझर की मूरहाउस? बिशप्स कोर्टच्या काळात १० नोव्हेंबरला बुधवार आला तो १८७५, १८८०, १८८६ आणि १८९७ साली. दोन वर्षं याची, दोन त्याची! तीन आठवडे इथेच घासत बसलो. वॉटरमार्कात (कागद उजेडात धरला की दिसणाऱ्या छापात) कागदवाल्याचं नुसतं नाव, वर्ष नाही. यूव्ही टॉर्चने काही दाखवलं नाही, त्यावर पैसे घालू नका. मजकूर चार ओळींचा: शाळेच्या समारंभाला येतो, पत्नीही येईल. पत्नी तर मूरहाउसांनाही होती. ताडून पाहायला ‘जे. मँचेस्टर’च्या दुसऱ्या सह्या घ्याव्यात, तर विक्रेत्यांनी त्याही एकमेकांच्या नावावर खपवलेल्या. नमुनाच भरवशाचा नाही, तर तुलना कशाशी करणार?

आणि जेवताना एकदम सुचलं. मूरहाउस मँचेस्टरला येण्याआधी, १८७६ ते १८८६, मेलबर्नचे बिशप होते. तेव्हाची सही ‘जे. मेलबर्न’. तिथे फ्रेझरांचा घोळ होऊच शकत नाही, आणि सुरुवातीचं अक्षर तेच, ‘एम’! तिकडच्या एका संग्राहक मित्राने १२०० डीपीआयचा स्कॅन पाठवला. (सपाट काचेच्या फ्लॅटबेड स्कॅनरवरचाच मागा, मोबाइलच्या फोटोत कडा वाकतात.) दोन्ही ‘एम’ शेजारी ठेवले आणि शंका उरली नाही. पहिली रेघ जिथून उचलली आहे तिथपासूनच हात वेगळा. म्हणजे माझे फ्रेझर.

आता तीच निरुपयोगी ‘पत्नी’ कामाला आली. फ्रेझरांनी लग्न केलं जानेवारी १८८०मध्ये, वयाच्या ६१व्या वर्षी. १८७५ गळालं. पत्र १० नोव्हेंबर १८८०चं! लग्नाच्या पहिल्या वर्षातलं ते ‘पत्नीही येईल’ मी त्या रात्री कितीदा वाचलं असेन. १८७४मध्ये रंगाऱ्यांच्या मजुरीच्या तंट्यात मालक-कामगार दोघांनी ज्याला पंच मानलं, ज्याचा पुतळा आज मँचेस्टरच्या अल्बर्ट स्क्वेअरमध्ये उभा आहे, त्या माणसाचं अक्षर माझ्या टेबलावर आहे. पॉलिएस्टरच्या पाकिटात घातलंय. पीव्हीसी अजिबात नको, शाई चिकटते.

संग्रहाच्या वहीतलं पुढचं पान नंतरचे एक बिशप विल्यम टेंपल यांचं करणार होतो, फक्त मँचेस्टरच्या सहीचं. पण लिहितालिहिताच बेत बदलतोय: एका पानावर एकच माणूस, प्रत्येक पदाची सही वेगळी. टेंपल १९२१ला मँचेस्टर, १९२९ला यॉर्क, १९४२ला कँटरबरी. म्हणजे सहीत ‘मँचेस्टर’, मग ‘एबोर’ आणि ‘कँटुआर’ (यॉर्क आणि कँटरबरीच्या लॅटिन नावांची लघुरूपं). त्यांच्या आधीचे मँचेस्टरचे बिशप नॉक्सही बसतात, कॉव्हेंट्रीच्या बिशपपदावरून १९०३ला आलेले. जन्म बंगळूरचा, म्हणून ते पान मला आधी हवंय. कुणाकडे नॉक्स यांची कॉव्हेंट्रीच्या काळातली सही असेल तर कळवा, बदल्यात मूरहाउस यांची सही देईन.