टोल घालवला, आता बिलावर बोला

डिसेंबर 2024 मध्ये राज्याचं मंत्रिमंडळ झालं, तेव्हा सार्वजनिक आरोग्य खातं राधानगरीच्या प्रकाश आबिटकरांकडं आलं आणि वैद्यकीय शिक्षण कागलच्या हसन मुश्रीफांकडं. दवाखान्याशी संबंध असलेली दोन्ही खाती एकाच जिल्ह्यात, आमच्या कोल्हापुरात. इथल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या रस्त्याला माझं औषधाचं दुकान आहे. त्या दिवसांत काउंटरवर दुसरा विषयच नव्हता. कुणाला एमआरआय हवा होता, कुणाला तालुक्याला डायलिसिस, कुणाला गावच्या आरोग्य केंद्रात मुक्कामी राहणारा डॉक्टर. सगळ्या मागण्या रास्तच. मला मात्र एक कायदा हवा आहे.

2010 मध्ये संसदेनं क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा केला. दवाखाना लहान असो की मोठा, त्याची नोंदणी, सुविधांचा किमान दर्जा, दर्शनी भागात दरांचा फलक आणि जीव धोक्यात असलेला पेशंट दारात आला तर आधी त्याला स्थिर करणं, असा त्याचा गाभा. पण रुग्णालयं हा विषय घटनेनं राज्यांना दिलेला. विधिमंडळानं ठराव करून कायदा स्वीकारला तरच तो त्या राज्यात लागू होतो. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, हरियाणा यांनी स्वीकारला. महाराष्ट्रानं नाही. आपण आपला वेगळा करू असं ठरलं, समिती बसली, मसुदाही झाला आणि तिथंच घोंगडं भिजत पडलं. आपल्याकडं खासगी हॉस्पिटलची नोंदणी आजही 1949 च्या नर्सिंग होम कायद्याखाली होते.

या कायद्याच्या विरोधात विधिमंडळात कुणी हात वर केलेला नाही. कारण मतदानापर्यंत तो गेलाच नाही. त्याच 2010 साली डॉक्टरांवर हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करणारा कायदा मात्र महाराष्ट्रानं केला. तो हवाच होता. रात्री अपरात्री जमाव आत घुसतो तेव्हा ड्युटीवरच्या पोरांचे काय हाल होतात, ते या रस्त्यावर राहून मला माहीत आहे. पण डॉक्टरांसाठी जे जमलं ते पेशंटसाठी इतकी वर्षं का जमू नये?

शाहूवाडीकडचे एक काका मध्यंतरी दुकानात आले. भाऊ एका खासगी हॉस्पिटलमध्ये होता, घरी सोडायचं होतं. “ताई, जरा हे बिल बघा की. काय समजंना झालंय.” मी बघितलं. खाटेचे पैसे, डॉक्टरांची फी, ओटी, इथपर्यंत ठीक. मग एकच ओळ, ‘कन्झ्युमेबल्स’, म्हणजे वापरून टाकायच्या वस्तू, आणि पुढं पाच आकडी रक्कम. तपशील नाही. हातमोजे किती, सलाइनचे सेट किती, काही नाही. ही वस्तू माझ्या रोजच्या खरेदीतली आहे. आयव्ही सेट, सिरिंज, हातमोजे यांच्यावर छापलेली किंमत आणि आम्हाला पडणारी किंमत यांत किती अंतर असतं ते या धंद्यातला प्रत्येक माणूस जाणतो. 2018 मध्ये राष्ट्रीय औषध दर प्राधिकरणानं दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवर 1,737 टक्क्यांपर्यंत नफा घेतलेला आढळला होता. काकांना मी सांगितलं, तपशील लिहून मागा. ते म्हणाले, “मागून काय भांडण काढू व्हय? भाऊ अजून आत हाय.”

त्या एका वाक्यात सगळं आलं. माणूस आत असताना नातेवाईक बोलत नाही, आणि घरी नेल्यावर त्याला पुन्हा त्या दाराकडं बघायचं नसतं. हॉस्पिटलवाल्यांची संघटना बारा महिने चालते. तिचं शिष्टमंडळ मुंबईला जातं, तिची माणसं प्रत्येक पक्षात आहेत. शिवाय आपल्या भागात कितीतरी पुढाऱ्यांच्या संस्थांची स्वतःचीच मेडिकल कॉलेजं आहेत. पेशंटची मात्र संघटना नसते. कायदा अडतो तो इथं.

दर ठरवताच येत नाहीत, असं मला कुणी सांगू नये. 21 मे 2020 रोजी सरकारनं खासगी हॉस्पिटलच्या 80 टक्के खाटांसाठी कोविडचे दर बांधून दिले: साध्या विलगीकरण वॉर्डला दिवसाला 4,000 रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयूला 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. बिलं तपासायला ऑडिटर बसले. कुरबुरी झाल्या, पण यंत्रणा चालली. त्यासाठी आधार घेतला तो साथीच्या 1897 च्या कायद्याचा, म्हणजे प्लेगच्या काळातल्या. साथ आली की नियम, साथ सरली की ज्याचं त्यानं बघावं, हे मला पटत नाही. कॅन्सर झालेल्या माणसाच्या घरात तीच साथ असते.

2021 मध्ये नर्सिंग होमचे नियम सुधारले आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक लावणं सक्तीचं झालं. चांगलं पाऊल होतं. पण एका ठिकाणी मी ती सनद पाण्याच्या फिल्टरमागं टांगलेली बघितली आहे, खालच्या चार ओळी झाकलेल्या. त्या चारमध्येच तक्रार कुठं करायची ते होतं.

आमच्या दुकानाशी जुना संबंध असलेले एक डॉक्टर आहेत, पंधरा खाटांचं हॉस्पिटल. या विषयावर आमचा कायम वाद. ते म्हणतात, “वहिनी, फायरचा दाखला, जैव कचरा, सोनोग्राफीचे कागद, दरवर्षी नूतनीकरण. त्यात अजून एक इन्स्पेक्टर आला तर आम्ही बंद करतो आणि पेशंट जाईल पुण्याच्या कॉर्पोरेटला. तातडीचा पेशंट घेतलाच पाहिजे म्हणता, तर त्याचे पैसे कोण देणार?” हा प्रश्न मी उडवून लावत नाही. रात्री दोनला दार उघडणारा डॉक्टर कोल्हापुरात उरला पाहिजे. म्हणूनच मला वाटतं, तातडीच्या उपचाराचा खर्च सरकारनं द्यायचा आणि ठरलेल्या मुदतीत द्यायचा, हे कायद्यातच लिहायला हवं.

राजस्थाननं ते लिहिलं होतं. 21 मार्च 2023 ला तिथं आरोग्य हक्काचा कायदा मंजूर झाला. आगाऊ पैसे न मागता तातडीचा उपचार, आणि पेशंटनं पैसे दिले नाहीत तर भरपाई सरकारची. खासगी डॉक्टर संपावर गेले, रस्त्यावर पाण्याचे फवारे खाल्ले. एप्रिलच्या सुरुवातीला तडजोड झाली: 50 खाटांच्या आतली हॉस्पिटलं वगळली, सरकारी जमीन वा सवलत न घेतलेलीही वगळली. वर्षअखेरीला निवडणूक झाली, सरकार गेलं आणि नियम करायचं राहून गेलं. कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरीतली माझ्या माहितीतली बहुतेक हॉस्पिटलं 50 खाटांच्या आतलीच आहेत. तीच सूट इथं दिली तर कायदा फक्त गॅझेटात राहील. निवडणुकीच्या तोंडावर घाईनं आणलेला आणि डॉक्टरांना आधी न बसवता आणलेला कायदा कसा पोखरला जातो, ते तिथं दिसलं.

आता कोल्हापूरकरांना थेट विचारते. शहरातल्या रस्त्यांवर टोल लागला, त्या वेळी आपण काय केलं? सर्वपक्षीय कृती समिती केली. एन. डी. पाटील सर त्या वयात मोर्चात चालले, गोविंदराव पानसरे होते, पेठापेठांतल्या तालमी उतरल्या, बायका उतरल्या. 2015 संपता संपता सरकारला टोल रद्द करतो म्हणावं लागलं. हायकोर्टाच्या खंडपीठासाठी सहा जिल्ह्यांचे वकील वर्षानुवर्षं झगडले आणि ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं. मग हॉस्पिटलच्या बिलासाठी कृती समिती का नको? टोल गाडीवाल्याला होता. आजारपण तर कुणाच्याच घराला चुकत नाही.

मागणी लांबलचक नको. प्रत्येक बिलाला वस्तूवार तपशील, मागितला नाही तरी. दर आधी सांगणं. तातडीच्या उपचाराचा सरकारी निधी. तक्रार ऐकायला जिल्हा पातळीवर समिती, तिच्यात डॉक्टरही आणि पेशंटच्या बाजूची माणसंही. लहान हॉस्पिटलला कागद कमी, पण या चारांतून सूट कुणालाच नाही. आबिटकरांनी आणि मुश्रीफांनी मिळून हे विधेयक मांडावं आणि ते आधी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडं जावं, म्हणजे डॉक्टरांनाही आपलं म्हणणं मांडता येईल.

पहिली बैठक कुणीही लावा, कुठल्याही तालमीत, कुठल्याही पक्षाच्या माणसानं. त्या पंधरा खाटांच्या डॉक्टरांना मी विचारलं आहे, ते विरोधात बोलायला का होईना, येतो म्हणालेत. लोकांनी विश्वासानं माझ्याकडं ठेवलेल्या बिलांच्या प्रती आहेत. त्यांची परवानगी घेऊन, नावं खोडून, त्या मी घेऊन येते.