तुम्ही विचारलंत म्हणून : फोटो असताना माणूस समोर कशाला हवा?

सोलापुरात व्यक्तिचित्रे रंगवणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. चांगला फोटो दिला असताना माणसाला समोर बसवण्याचा हट्ट कशासाठी? एकदाच नीट लिहितो.

फोटोला मी कमी लेखत नाही. हुबेहूबपणात तो माझ्या पुढेच आहे. परंतु स्वभाव चेहऱ्यापुरता नसतो. स्पॅनिश चित्रकार वेलाझकेझने १६५० मध्ये रंगवलेल्या पोप दहाव्या इनोसंटच्या चित्रात संशयी नजरेइतकेच खुर्चीच्या हातांवर टेकलेले हातही त्याचा अधिकार सांगतात.

पूर्व भागातील एका कुटुंबाने, यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या वडिलांचे चित्र मला सांगितले होते. दिलेल्या फोटोत ते कोट घालून ताठ बसले होते. प्रत्यक्षात मागांच्या खडखडाटाने त्यांना कमी ऐकू येत असे, त्यामुळे कोणी बोलू लागले की ते उजवा कान पुढे करून मान कलती करीत. आणि गप्प असले की तुटलेल्या धाग्याला गाठ मारावी तसा त्यांचा अंगठा तर्जनीवर फिरत राही. मी मान तशीच ठेवली, रोजचा पांढरा सदरा घेतला आणि बोटे थांबलेली दिसू नयेत म्हणून त्यांच्या कडा ओल्या रंगातच पुसट केल्या. चित्र पाहून थोरला मुलगा म्हणाला, "बाबाच आहेत हे. पण त्यांना ऐकू येत नाही, हे येणाऱ्याजाणाऱ्याला कशाला दाखवायचं?" शेजारी बसलेल्या वडिलांनी कान पुढे करून विचारले, "काय म्हणतोय?" कोणीही उत्तर दिले नाही. मान सरळ करून द्या, असा आग्रह झाला. मी नकार दिला आणि चित्र माझ्याकडेच राहिले.

समोरच्याचा शब्द निसटू नये ही त्यांची धडपड मला त्या मानेत दिसली होती; व्यंग दाखवण्याचा हेतू नव्हता. तरीही इंग्रज चित्रकार सदरलंडने १९५४ मध्ये रंगवलेले चर्चिल यांचे चित्र घरच्यांनी नष्ट करवले, याला तरुणपणी मी सरळ कलेचा अपमान म्हणत असे, तसे आज मला म्हणवत नाही. भिंतीवरच्या त्या माणसासोबत घरच्यांनाच राहायचे असते. मग माणूस कसा होता हे कोणी ठरवायचे? मुलाचा तो प्रश्न मला अजून खोडता आलेला नाही, आणि ती मान सरळ करायला हातही धजावत नाही.

तेव्हा फोटो जरूर आणा, कपड्यांच्या रंगासाठी तो उपयोगी पडतो. पण बैठकीसाठी सकाळचा वेळ मोकळा ठेवा.