शेवटून तिसरे

"युनियन की लीग?"

यॉर्कशरमध्ये रग्बी खेळतो असं म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो. मला तो पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा त्यात प्रश्न काय आहे हेच कळलं नव्हतं. लीड्सला येऊन दोन वर्षं झाली होती. ऑफिस आणि घर सोडून ओळखी नव्हत्या. रोजच्या रस्त्यावर एका क्लबच्या कुंपणाला फलक लावलेला होता: खेळाडू हवेत, अनुभव नसला तरी चालेल. मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. शाळा-कॉलेजात कबड्डी खेळलो, डावा कोपरारक्षक. वय चौतीस. जुलैतल्या एका मंगळवारी संध्याकाळी मी गाडी आत वळवली.

युनियन म्हणजे पंधरा जणांचा खेळ, लीग म्हणजे तेरा जणांचा. ही फाटाफूट याच भागात झाली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे वीसहून अधिक क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या खेळाडूंचा शनिवारचा पगार बुडायचा, तो क्लबने भरून द्यावा एवढीच त्यांची मागणी होती. युनियनवाल्यांनी ती मानली नाही आणि पैसे न घेता खेळण्याचं तत्त्व पुढे तब्बल शंभर वर्षं, १९९५ पर्यंत, धरून ठेवलं. आज वरच्या पातळीवर युनियनचे खेळाडूही पगारी आहेत. आमच्यासारख्या क्लबात मात्र उलट आहे. खेळायचं तर दर सामन्याला आपणच ठरलेले पैसे द्यायचे. त्यातून मैदानाचे दिवे जळतात आणि सामन्यानंतर दोन्ही संघ एकत्र जेवतात.

इंग्लंडमध्ये युनियनच्या सगळ्या लीग, म्हणजे इथे साखळी स्पर्धा, उतरंडीसारख्या एकावर एक रचलेल्या आहेत. सर्वांत वर प्रीमियरशिप, मग चॅम्पियनशिप, मग राष्ट्रीय, मग विभागीय आणि त्याखाली काउंटीच्या लीग. २०२२ मध्ये ही उतरंड नव्याने लावली, खेळाडूंचा प्रवास कमी व्हावा हा एक हेतू होता. आम्ही 'काउंटीज टू यॉर्कशर'मध्ये होतो, म्हणजे वरून आठव्या पायरीवर. बारा संघ, प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक, एकूण २२ सामने. विजयाला चार गुण, बरोबरीला दोन. ट्राय म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं; असे चार केले तर एक बोनस, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलात तरी एक बोनस. शेवटची गोष्ट मला फार आवडली. हरता हरता किती लढलात याचीही नोंद तक्त्यात होते.

आधी नोंदणी. ती ऑनलाइन होते, पण क्लबच्या बाजूने ती तपासणाऱ्या एक साठीच्या बाई होत्या. मी मनातल्या मनात त्यांना काकू म्हणायचो. त्या प्रत्येक नव्या खेळाडूला समोर बसवून एक प्रश्न दोनदा विचारायच्या: दुसऱ्या देशात तिथल्या रग्बी संघटनेकडे नाव नोंदवलं होतंस का? मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्यात रग्बी खेळतात एवढं मी ऐकून होतो, सांगलीत चेंडूही पाहिला नव्हता. माझं काम सरळ झालं. माझ्याबरोबर आलेला दक्षिण आफ्रिकेचा एक उत्तम खेळाडू मात्र त्याच्या देशाच्या संघटनेचं परवानगीपत्र येईपर्यंत कित्येक शनिवार सीमारेषेबाहेर उभा होता. नियमात न बसणारा खेळाडू उतरवला तर संघाचेच गुण कापले जाऊ शकतात. त्यामुळे कितीही गरज असली तरी काकूंनी त्याला चेंडूला हात लावू दिला नाही. कुणी नवीन जाणार असेल तर हा कागद घरून निघतानाच मागवा.

कबड्डीतल्या माणसाला टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं, सोपं जाईल असं मला वाटलं होतं. अर्धं खरं निघालं. २०२३-२४ च्या हंगामापासून इंग्लंडच्या हौशी रग्बीत टॅकल छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या वर करता येत नाही. पोट, कंबर, मांडी, त्याच्याही खाली चालतं. वर्षानुवर्षं छातीवर धडकत आलेल्या जुन्या खेळाडूंना वाकायला जड जात होतं आणि माझा तर जन्म वाकण्यात गेलेला. चढाईपटूचा घोटा धरायला ज्याने शेणाने सारवलेल्या अंगणात झेपा घेतल्या आहेत त्याला मांडीपर्यंत वाकायला काय लागतं! प्रशिक्षक खूष झाले. पण नुसत्या हातांची पकड इथे चालत नाही. खांदा आधी लागला पाहिजे, मग हातांचा विळखा, आणि डोकं नेहमी धावणाऱ्याच्या मागच्या बाजूला. ही तिसरी गोष्ट मला मंगळवारी आणि गुरुवारी, दर वेळी, सांगितली जात होती.

ऑक्टोबरच्या शेवटी ती मी विसरलो. माझा पाचवा सामना, जागा सात नंबरची, म्हणजे फ्लँकर. समोरचा आडवा पळत होता. मी खाली गेलो आणि डोकं त्याच्या पुढे ठेवलं. त्याचा गुडघा कानाच्या वर लागला. मी लगेच उठून उभा राहिलो, ठीक आहे म्हणालो आणि चुकीच्या बाजूला चालू लागलो. रेफरीने शिटी वाजवून मला बाहेर काढलं. इथला नियम साधा आहे: मेंदूला मार बसल्याची शंका आली की खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही.

पुढचे तीन आठवडे ही त्या वर्षातली माझी खरी परीक्षा होती. म्हणून ते जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे अजूनही पाणी मारून परत उतरवतात. पहिले चोवीस तास एकटं राहायचं नाही, गाडी चालवायची नाही, दारूला शिवायचं नाही. त्याच चोवीस तासांत वैद्यकीय सल्ला घ्यायचा. बायकोने १११ वर, म्हणजे इथल्या सरकारी वैद्यकीय मदतीच्या नंबरवर, फोन लावला आणि तिकडून विचारलेला प्रत्येक प्रश्न मला मराठीत परत विचारला, कारण मला इंग्रजी वाक्यं धरून ठेवता येत नव्हती. मला भीती वाटली ती तेव्हा. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइलही जवळपास बंद. मग हळूहळू रोजचं जगणं. मग चालणं, हलकं पळणं. मग सराव, पण अंगाला अंग न लावता. आराम करताना सलग चौदा दिवस काहीही त्रास झाला नाही तरच पंधराव्या दिवशी धडकेचा सराव, आणि एकविसाव्या दिवसाच्या आत सामना नाहीच.

नवव्या दिवशी मला एकदम बरं वाटलं. संघ लागोपाठ चार सामने हरला होता. मी कप्तानाला संदेश पाठवला की शनिवारी येतो. त्याचा फोन आला. म्हणाला, "ये की. पाण्याच्या बाटल्या भरायला माणूस हवाच आहे." त्याने मला बुटांची पिशवीसुद्धा गाडीतून काढू दिली नाही. रविवारी आईचा फोन. "गुडघे फुटायचे तेव्हा हळद दाबली रे," ती म्हणाली, "डोक्याला कुठे दाबू?" मी तिला सगळ्या पायऱ्या एकेक करून सांगितल्या. तिने त्या दिवाळीच्या फराळाच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतल्या आणि मग रोज फोन करून विचारायची, आज कितवी?

बाटल्या भरण्याच्या त्या आठवड्यांत लीग कशी चालते ते मला कळलं. तक्त्यात दिसतात ते गुण. त्यामागे शुक्रवारी रात्री चालणारे फोन असतात. कुणाची शिफ्ट बदलली, कुणाचं बाळ आजारी, कुणाच्या भावाचं लग्न. बाहेरगावच्या सामन्याला आम्ही कधी सोळा जण असायचो, एकदा चौदाच. स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांत अडकून चेंडूसाठी रेटतात ते; त्याची पुढची फळी तर वेगळीच चिंता. मान आणि पाठ तिथे पणाला लागते, म्हणून शिकून तयार झालेल्या प्रॉप आणि हुकरशिवाय कुणालाही तिथे उभं करता येत नाही. आमचा एक प्रॉप दुखावला की स्क्रम बिनधक्क्याचे व्हायचे आणि आमची एकमेव ताकद निघून जायची. त्याच काळात, मी भारतातला म्हणून, क्लबच्या एका आजोबांनी मला कलकत्ता कपची गोष्ट सांगितली. कलकत्त्यात इंग्रजांचा रग्बी क्लब होता. तो मोडला तेव्हा शिल्लक पैशातले चांदीचे रुपये वितळवून चषक घडवला आणि १८७८ मध्ये इंग्लंडच्या संघटनेला दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्यासाठी खेळतात. त्याचे कान नागाचे आहेत, झाकणावर हत्ती आहे. क्लब का मोडला, मी विचारलं. आजोबा म्हणाले, "खेळायला माणसं राहिली नाहीत."

नोव्हेंबरच्या शेवटी मी परतलो. त्यानंतर एकही शनिवार चुकवला नाही. जानेवारीत मैदान गोठून दोन सामने पुढे गेले, ते एप्रिलमध्ये येऊन साचले. शेवटच्या शनिवारी आम्ही दहावे होतो, ३४ गुण. अकरावा संघ ३० वर. शेवटचे दोन खाली जाणार असं सगळे धरून चाललो होतो.

समोर तक्त्यातला दुसरा संघ. सत्तर मिनिटांनंतर आम्ही १२–२६ असे मागे. आमच्या ट्रायरेषेजवळ त्यांचा भला मोठा आठ नंबर चेंडू घेऊन सुटला. मी डावीकडून गेलो, डोकं मागे, खांदा मांडीवर, विळखा. तो पडताना चेंडू त्याच्या हातून पुढे निसटला. स्क्रम आमचा. त्यातून आम्ही कसे पार पलीकडे पोहोचलो ते मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं, पण शेवटी आमचा प्रॉप, वय एकेचाळीस, तीन जणांना अंगावर घेऊन रेषेवर पडला. १७–२६. कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतर खांबांमधून मारायची दोन गुणांची किक, कडेला होतं. चेंडू खांबाला आतून लागून पलीकडे पडला. १९–२६. बरोबर सात. आम्ही हरलो होतो आणि एकमेकांना उचलून घेत होतो. तिकडे अकराव्या संघाने विजयाचे चार गुण मिळवले होते. तो एक बोनस नसता तर दोघेही ३४ वर असतो आणि पुढची मोजदाद आमच्या बाजूची नव्हती.

उतरंडीत वरचं मडकं खाली आलं की खालच्यांना सरकावं लागतं. प्रत्येक लीग भूगोलावर ठरते. वरच्या लीगमधून आमच्या भागातले किती संघ खाली येतात त्यावर आमच्यातले किती आणखी खाली जाणार हे अवलंबून असतं. त्या वर्षी वरून एक संघ जास्त आला. पुढच्या हंगामाची यादी लागली तेव्हा आमच्या लीगमधून दोनऐवजी तीन संघ खाली गेले होते. शेवटून तिसरे आम्ही.

मी ऑफिसच्या स्वच्छतागृहात जाऊन रडलो. मग काकूंना फोन केला. त्यांना यादी आधीच कळली होती. कुणाचं चुकलेलं नव्हतं, नियम पहिल्या दिवसापासून लिहिलेला होता, तरी मला तो अन्याय वाटला आणि अजूनही थोडा वाटतो. काकूंनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, नोंदणी नव्या हंगामासाठी चालू ठेवायची का ते सांग.

चालू ठेवली. खालच्या लीगमधले संघ जवळजवळचे आहेत, बाहेरच्या सामन्याला निम्मा दिवस गाडीत जाणार नाही, त्यामुळे ज्यांच्या शनिवारच्या शिफ्ट असतात त्यांनीही नावं दिली आहेत. मंगळवारी सरावाला बावीस जण होते. त्यात एक नवा मुलगा होता, नागपूरचा, शिकायला आलेला, कबड्डी न खेळलेला. मी त्याला डोकं कुठे ठेवायचं ते दाखवलं, तीनदा. पहिला सामना सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आहे, क्लबपासून अकरा मैलांवर.